देवीचं वजन

माणसांना ऑपरेशनसाठी तयार करणं हे माझं काम. पनवेलच्या एका हॉस्पिटलात मी सिस्टर आहे आणि बरीच वर्षं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटच्या खाटेशी उभी राहून तीच ती वाक्यं बोलत आले आहे. रात्रीनंतर काही खायचं नाही, सांगितलेल्या वेळेनंतर पाणीसुद्धा नाही. अंगठ्या काढा, कवळी काढा, नखांचा रंग काढा. विडी, तंबाखू, मिश्री बंद, खरं तर महिन्यापूर्वीच बंद व्हायला हवी होती. पेशंट मान डोलावतो. मान डोलावणाऱ्याने काही ऐकलेलं नसतं हे मला सुरुवातीची काही वर्षं कळत नव्हतं. कळल्यावर मी प्रत्येकाकडून सगळं परत म्हणवून घ्यायला लागले. वॉर्डात मला मागून मास्तरीणबाई म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

या सगळ्या वर्षांत मला खऱ्या अर्थाने हरवलं ते एकाच पेशंटने, आणि ते माझे वडील होते. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि त्यातून स्वतःला हवा तो अर्थ काढला.

आमचं गाव रायगडात, तळा गावाच्या अलीकडे, भातशेतीचं. बाबांना जांघेत हर्निया झाला होता. फुगवटा वर आला की ते बांधावर आडवे व्हायचे, हाताने तो आत ढकलायचे आणि उठून पुन्हा कामाला लागायचे. आत जातो तर कापायचा कशाला, हा त्यांचा सवाल होता. कधीतरी तो आत जाणार नाही, आतडं अडकेल आणि त्याचा रक्तपुरवठा तुटेल, असं मी त्यांना चित्र काढून समजावलं. अशा अवस्थेत आलेले लोक मी पाहिले होते आणि ते सगळेच घरी गेले नव्हते. बाबांनी चित्र पाहिलं आणि आतडं चांगलं काढलंयस म्हणाले.

नकाराचं खरं कारण शिमगा होता. शिमग्याला गावदेवीला चांदीचे मुखवटे लावून पालखीत बसवतात आणि पालखी देवळातून सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधल्या ओट्यावर येते. तिथून पुढे जवान पोरं ती नाचवत घरोघर नेतात. पण देवळापासून सहाणेपर्यंत दांड्याचा पुढचा खांदा आमच्या घराचा. मान आहे तो. आजोबांनंतर बाबांनी एकही शिमगा चुकवला नव्हता. गावकीचा नियम असा की घरात सुतक असेल तर खांदा चुकला तरी चालतो, पण माणूस जिवंत असून, सुतक नसून उभा राहिला नाही, तर मान शेजारच्या घराकडे जातो. बाबांना मुलगा नाही, आम्ही दोघी मुलीच. आणि शेजारचं घर म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, आमचा काका. हे दोघं लहानपणापासून रोज भांडत आले आहेत आणि ज्या दिवशी भांडण झालं नाही त्या दिवशी दोघांनाही जेवण जात नाही.

शेवटी पौषात मी बाबांना जवळजवळ ओढत माणगावला एका सर्जनकडे नेलं. डॉक्टर शांत होते. ऑपरेशन होईल, आत एक जाळी बसवू, आणि तीन महिने वजन उचलायचं नाही, म्हणाले. बाबांनी विचारलं, किती वजन. डॉक्टरांनी खेड्यातल्या माणसाला कळेल असं सांगावं म्हणून सांगितलं, की पाण्याने भरलेल्या कळशीपेक्षा जड काही नाही. बाबांचा चेहरा एकदम उजळला. लगेच हो म्हणाले, तारीखसुद्धा त्यांनीच मागितली. मी इतकी खूश झाले की परत म्हणवून घ्यायला विसरले.

आता खरी अडचण विडीची. विडी म्हणजे खोकला, आणि हर्नियाच्या टाक्यांना खोकल्याएवढा वैरी दुसरा नाही. सांगून, रडून, खिशातली बंडलं पाण्यात टाकून काही झालं नाही. मग मी फुप्फुसांच्या व्यायामाचं ते प्लॅस्टिकचं यंत्र घेऊन आले. नळीतून श्वास आत ओढला की त्यातले तीन चेंडू एकेक करून वर जातात. बाबांनी जीव खाऊन ओढलं तेव्हा एकच चेंडू जेमतेम हलला. तेवढ्यात काका कुंपणावरून हे काय म्हणून डोकावला. मी हे एकाच माणसाने वापरायचं असतं म्हणेपर्यंत त्याने नळी तोंडात घातली आणि तिन्ही चेंडू वर नेऊन धरून ठेवले. नळीतून हवा ओढत असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, पण भुवया बोलत होत्या.

त्या दिवशी बाबांनी विडी सोडली. वॉर्डात मी किती समुपदेशन केलं असेल, किती काळ्या फुप्फुसांचे फोटो दाखवले असतील. इथे एका भुवईने काम झालं. मी पनवेलहून दुसरी नळी आणली आणि काकाला ताकीद दिली. पण नंतर आईने फोनवर सांगितलं, की येणारा-जाणारा प्रत्येक जण एकदा चेंडू उडवून बघतो आणि आमच्या पडवीत संध्याकाळी गर्दी असते. ऑपरेशनच्या आठवड्यात बाबा दोन चेंडू सहज उडवत होते आणि तिसऱ्यासाठी पहाटे उठून मेहनत करत होते.

ऑपरेशनच्या दिवशी मी स्वतः पहारा दिला. चहा नाही, पाणी नाही, चूळ भरतानासुद्धा मी समोर उभी. सगळे दागिने, म्हणजे एक तांब्याची अंगठी, काढून आईकडे दिले. माणगावला निघताना गाडी देवळापाशी थांबली, बाबा पाया पडून आले आणि आम्ही वेळेत पोचलो. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंय का. बाबांनी ठामपणे नाही सांगितलं. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं. तोंडात खोबरं होतं.

गुरवाने प्रसाद दिला होता. खोबऱ्याची चांगली मोठी कवड, शिवाय तीर्थ, शिवाय साखरफुटाणे. बाबांना माझ्या रागाचं कारणच कळेना.

"परसाद म्हणजे काय खाणं हाय व्हय?" ते म्हणाले. "देवीचं पोटात ऱ्हात न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठे काम करते हे त्यांना ठाऊक होतं. ऑपरेशन संध्याकाळवर गेलं आणि मी दिवसभर बाबांच्या खाटेकडे पाठ करून बसले.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी बाबा उठून बसले आणि मी सांगण्याआधी चालायला लागले. खोकला येईल असं वाटलं की पोटावर उशी दाबून धरायची, ही एक गोष्ट ते इतकी इमानदारीने करायचे की बोलता बोलता खाकरायचं झालं तरी आधी उशी शोधायचे. पण पेशंट बरा होण्याच्या वाटेवर जे काही आडवं येतं त्यात माझ्या मते पहिला नंबर भेटायला येणाऱ्यांचा. आमच्याकडे गाव लोटलं. भाताने पू होतो, डाळीने पू होतो, बटाटा वात करतो, वांग्याचं तर नावच नको. सगळ्यांचं ऐकलं असतं तर बाबा हवेवर जगले असते. एका आजीने जाळी कसल्या दोऱ्याची आहे असं विचारलं, जनावराच्या कातड्या-बितड्याची असेल तर देवीला शिवता यायचं नाही म्हणाली. प्लॅस्टिकची आहे कळल्यावर तिचं समाधान झालं. सर्वांत घातक मात्र काका. तो यायचा, खाटेशी बसायचा आणि बाबांना हसवायचा. हसलं की टाके दुखतात. बाबा एका हाताने उशी दाबून दुसऱ्या हाताने त्याला मारायला धावायचे. मी काकाला पंधरा दिवस घरात बंदी घातली, तर तो खिडकीबाहेर उभा राहून तोंडं करायचा.

फाल्गुन लागला आणि मला बाबांचा हिशेब कळला. पालखीला चार खांदे, दोन पुढे, दोन मागे. पालखीच्या वजनाचे चार भाग केले तर एक भाग कळशीपेक्षा हलका भरणार. शिवाय देवीला वजन नसतंच, त्यामुळे मोजायची ती नुसती लाकडं. हे त्यांनी डॉक्टरांसमोर बसल्या बसल्याच ठरवलं होतं. मी कपाळाला हात लावला आणि मग गावकीकडे तक्रार घेऊन गेले. तीच माझी चूक झाली, कारण गावकीला हा प्रश्न फार आवडला.

पालखीचं वजन कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणे पाच मण, कोणी म्हणे देवीच्या मनात असेल तेवढं. काही म्हाताऱ्यांना आठवत होतं, की एका साली ती इतकी जड झाली होती की वळणावर हलेना, आणि एका साली फुलासारखी आली होती. ऑपरेशन हे सुतकात धरता येईल का, अंगातून रक्त गेलं म्हणजे काही अंशी सुतकच, असंही एकाने सुचवलं. बाबा भडकले. मी काय मेलोय व्हय, म्हणाले. मग एकच मार्ग उरला, पालखी काट्यावर घालायची. पण देवीचं वजन करायचं तर तिला विचारायला हवं. म्हणून कौल लावला. गुरवाने देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो आणि उजवी कळी जवळजवळ लगेच पडली. देवीलाही कधीपासून उत्सुकता असावी.

भातगिरणी त्या दिवशी बंद ठेवली. जमीन सारवली, काट्याला हळद-कुंकू वाहिलं, त्यातलं थोडं आकड्यांच्या काचेवर गेलं ते गिरणीवाल्याने रुमालाने पुसलं. मुखवट्यांसकट पालखी काट्यावर ठेवली. गिरणीवाल्याने सवयीने विचारलं, बारदान वजा करायचं का. म्हणजे पोत्याचं वजन सोडून नुसत्या भाताचं धरायचं का. पालखी हे बारदान आणि देवी हा माल, की दोन्ही मिळून देवी, यावर गुरव आणि गावकीचे प्रमुख यांच्यात जुंपली. तेवढ्यात बायकांनी हार घातला, बाबांनी हार काढायला लावला. आकडा स्थिर होतोय तोच काकाने भक्तिभावाने दांड्यावर हात ठेवला आणि आकडा भराभर चढला. बाबांनी त्याचा हात झटकला. नमस्कार पन करू न्हाय का, असं काका म्हणाला, पण त्याने चांगलाच भार दिला होता हे मी पाहिलं.

आलेल्या आकड्याचे चार भाग केले तर एक भाग कळशीपेक्षा जास्त भरत होता. मी सुटकेचा श्वास टाकला. पण बाबा घरी जाऊन आले ते तांब्याचा हंडा घेऊन. हा हंडा आमच्याकडे लग्नकार्यात पाणी तापवायला काढतात आणि लहानपणी मी त्यात बसून अंघोळ केली आहे. डॉक्टर कळशी म्हणाले, कुठली ते बोलले नाहीत, आमच्या घरात हिलाच कळशी म्हणतात, असं त्यांनी चक्क देवीसमोर सांगितलं. हंडा काठोकाठ भरून काट्यावर ठेवला. हंडा जिंकला.

मी तिथेच डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा कोणाचं वजन असं विचारलं, आणि मग स्पष्ट नाही म्हणाले. गावकीने आदराने ऐकलं. फोन ठेवल्यावर प्रमुख म्हणाले, डॉक्टर माणूस चांगला आहे, पण त्याने आमची देवी पाहिलेली नाही. निकाल बाबांच्या बाजूने लागला.

घरी आल्यावर मी बाबांशी कडाडून भांडले. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. परत फाटलेले टाके मी पाहिलेत, दुसरं ऑपरेशन पहिल्याहून वाईट असतं आणि बाबांचं वय कमी होणार नव्हतं. एका मानासाठी पोट फाडून घ्याल का, असं मी ओरडले.

"बाय, तू मला उठून चाल म्हणायच्या आधी मी उठलो का न्हाय?" ते म्हणाले. "विडी सोडली का न्हाय? त्ये काय तुज्यासाठी व्हय? मला सहाणंवर जायाचं हाय, म्हून उठलो. त्येच काढून घेतलंस तर मी बरा कशाला व्हनार?"

रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन हे सगळं मी तपासते, पण माणूस कशासाठी उठणार आहे हे विचारायला आमच्याकडे जागाच नसते. मी मागच्या दारी जाऊन भांडी आपटत बसले.

तिथे काका आला. इकडे-तिकडे बघत पायरीवर बसला आणि म्हणाला, की बाबांनी उचलू नये म्हणूनच काट्यावर हात मुद्दाम दाबला होता, पण तो झटकला गेला. आता दुसरी युक्ती आहे. मुंबईकर शिमग्याला आले आहेत, त्यांच्यातले तीन उंच जवान निवडायचे आणि उरलेले तीन खांदे त्यांना द्यायचे. दांडा त्यांच्या खांद्यावर राहील आणि बाबांच्या खांद्यापासून चार बोटं वर. बाबा खाली नुसते चालतील. मान त्याच्याच घरी येणार होता, नुसतं गप्प बसायचं होतं, असं मी त्याला म्हटलं.

"मान माज्याकडं आला तर त्यो घरात बसंल," काका म्हणाला. "मंग मी भांडू कुनाशी?"

तालीम देवळामागच्या माळावर झाली. एक जण नवी मुंबईत सिक्युरिटीला होता, एक कबड्डी खेळायचा आणि तिसऱ्याला उंचीशिवाय काही येत नव्हतं. अनवाणी चालायचं असल्यामुळे उंची वाढवायला बूट घालता येईनात, म्हणून तिघांच्या खांद्यावर टॉवेलच्या जाड घड्या घातल्या. पालखीऐवजी नळाचा लांब पाइप घेतला आणि त्याला मधोमध दोन पाण्याचे कॅन बांधले. बाबांच्या जागी काका उभा राहिला, कारण दोघांची उंची एकच. आयुष्यभर त्या जागेवरून भांडलेला माणूस टोपी नीट करून पाइपाखाली उभा होता आणि मी त्याच्या खांद्यावर चार बोटं ठेवून अंतर मोजत होते. उतारावर पाइप खाली येतो म्हणून मागच्या दोघांनी तिथे जरा वाकायचं ठरलं. काका फेरीमागून फेरी मारत राहिला, गरज नव्हती तरीही.

शिमग्याला ढोल वाजायला लागले. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, आत पोटाचा पट्टा आवळला, खांद्यावर आईने शिवलेली लाल गादी ठेवली आणि पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले. पालखी उठली. मी बाजूने चालत होते आणि देवीकडे न बघता दांडा आणि बाबांचा खांदा यांमधल्या फटीकडे बघत होते. फटीतून पलीकडचं आंब्याचं झाड स्वच्छ दिसत होतं. म्हणजे सगळ्या गावालाच ते दिसत असणार. पण गावातला प्रत्येक माणूस चांदीच्या मुखवट्यांकडेच नजर लावून होता, गुरवसुद्धा, गावकीचे प्रमुखसुद्धा. उतारावर उंची हेच भांडवल असलेल्या तिसऱ्याचा पाय सरकला, दांडा खाली आला आणि काकाने गर्दीतून पुढे होऊन तो दोन्ही हातांनी वर रेटला. लोकांनी त्याला पाया पडणं मानलं.

सहाणेवर पालखी टेकली. बाबा घामाघूम झाले होते. ओट्याच्या कडेला बसून त्यांनी कण्हत खांदा चोळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, यंदा देवी लय जड आली. व्हय, जड हाय खरी, असं चारी बाजूंनी लोक म्हणाले. काका म्हणाला, तुला आता झेपत न्हाय म्हून जड. बाबांनी त्याला एक शिवी दिली आणि दोघंही खूश झाले.

दरवर्षी सहाणेवर आई बाबांच्या खांद्याला तेल लावते. दांड्याचा लालभडक वळ उठलेला असतो. यंदा ते काम मी मागून घेतलं. गादी उचलली तर ती आईने भरली तशीच फुगलेली होती आणि खाली खांदा कोरा होता, कुठे रेघसुद्धा नव्हती. मी तेल घेतलं आणि वळ असायला हवा होता तिथे चोळायला लागले. बाबांनी डोळे मिटले होते.

"बाय," ते हळूच म्हणाले, "फुडच्या शिमग्याला जरा बुटकी पोरं लावायला सांग तुज्या काकाला."

मी व्हय म्हटलं आणि चोळत राहिले.